२१४७४८३६४७ आणि माझं बदललेलं मत

प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधणं म्हणजे निव्वळ विक्रमांचा सोस, असं मी वर्षानुवर्षं ठामपणे म्हणत आलो. इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये असंच काहीसं लिहून ठेवलं होतं. २१४७४८३६४७ या मूळ संख्येपासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येहून (म्हणजे स्वतः वगळून बाकीच्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच असणाऱ्या संख्येहून) मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणारच नाही, कारण या संख्या कुतूहलापुरत्या, उपयोगाच्या नव्हेत. मग कोण कशाला शोधेल? मला हे पटायचं. आता पटत नाही.

उपयोगाच्या मुद्द्याने मी बदललो नाही, हे आधीच सांगतो. इंटरनेटवरचे आर्थिक व्यवहार सुरक्षित ठेवायला मूळ संख्या लागतात हे खरं, पण तिथे काहीशे अंकी संख्या पुरतात. विक्रमी संख्यांचं समर्थन त्यावर उभं राहत नाही.

मला बदललं ते गणितज्ञ ऑयलर यांच्या युक्तिवादाने. २१४७४८३६४७ म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ती मूळ असल्याचं त्यांनी १७७२ मध्ये कळवलं, तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या ऑयलर यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. या संख्येचं वर्गमूळ ४६३४१ च्या किंचित खाली. त्याआतल्या सुमारे पावणेपाच हजार मूळ संख्यांनी भागून बघायचं, ही सरळ वाट. ऑयलर यांनी आधी वेगळंच विचारलं: हिला विभाजक असलाच, तर तो कसा असेल? समजा, ‘क’ ही मूळ संख्या हिला निःशेष भागते. मग २ च्या ३१ व्या घाताला ‘क’ने भागल्यावर बाकी १ उरते. फर्मा यांच्या प्रमेयाप्रमाणे २ च्या (क−१) व्या घाताचीही बाकी १. ३१ स्वतः मूळ, म्हणून क−१ ला ३१ ने भाग जायलाच हवा. शिवाय ‘क’ विषम, म्हणजे तो ६२ च्या पटीहून १ ने मोठा. ‘क’ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते, ही आणखी एक अट. दोन्ही मिळून २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवलेल्या संख्याच उरतात, पावणेचारशेच्या आत. त्यांतल्या एकीनेही भाग जात नाही!

हे स्वतः कागदावर मांडलं आणि मला त्या संख्येबद्दल आदर वाटू लागला. तिच्या रचनेनेच तिच्या विभाजकांवर किती कडक बंधनं घातली आहेत!

अशी संख्या मूळ आहे का हे ठरवणारी गणितज्ञ एदुआर ल्यूका यांची चाचणी तर विभाजकांच्या वाटेलाच जात नाही. लेहमर यांनी तिला दिलेलं रूप ३१ वर, म्हणजे २ च्या ५ व्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्येवर, करून बघा. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. १४ येतात, मग ८, मग ०. तिसऱ्या पायरीला शून्य, म्हणून ३१ मूळ. ल्यूका यांनी १८७६ मध्ये २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. ६७ व्या घाताची संख्या संयुक्त असल्याचंही त्यांनी दाखवलं, तेही एकही विभाजक हाती नसताना. विभाजक मिळाले १९०३ मध्ये, फ्रँक कोल यांना: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

२०२४ मध्ये सापडलेल्या विक्रमी मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. त्या लांबीचं मला अजूनही अप्रूप नाही. ती मूळ आहे याची खात्री ल्यूका-लेहमर चाचणीने झाली, याचं मात्र फार आहे. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या अशा मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात; त्या ५२ तोवर सापडल्या. त्या अनंत आहेत का, हे सिद्ध झालेलं नाही. मला ५३ व्या संख्येपेक्षा त्या सिद्धतेची ओढ अधिक आहे.