कुंभाराची खूण

मोर्शीच्या संत्र्यांच्या पेटीवर आडत्याची खूण असते. फळ संपते, पेटी मोडते. खूण बाजाराच्या ध्यानात राहते. इटलीतील अरेत्सो गावच्या कुंभारांनी दोन हजार वर्षांपूर्वी हेच साधले होते. तांबड्या, झळझळीत ताटल्यांच्या बुडाशी ते कारखान्याचे नाव उमटवीत. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी पाँडिचेरीजवळ अरिकमेडू येथे उत्खनन केले, तेव्हा अशा नावांची खापरे हाती आली आणि त्यांवरून तेथील थरांचा काळ ठरला. इतिहासाला तारीख पुरविली ती राजाने नव्हे, कारखानदाराच्या शिक्क्याने.

महाराष्ट्रात नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या १९५४ ते १९५६ मधील उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघाले. (जैन पेढीवर हा माल चढला नसता, ही गोष्ट निराळी.) त्या उत्खननातील एक संशोधक शां. भा. देव यांचा जैन मुनिसंघाच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथही १९५६ चाच.

तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील कारागीर तर नुसते गिऱ्हाईक राहिले नाहीत. जोडसाच्यातून त्यांनी पांढऱ्या केओलिन मातीच्या सुबक मूर्ती काढल्या. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू जपल्या, म्हणून त्या आज संग्रहालयात पाहता येतात.

मोर्शीकडून खाली गेलेल्या वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर आहे. तेथेही सातवाहनकाळाचे थर आहेत. रुक्मिणीच्या माहेरी दर्शनाला जाणारे पुष्कळ. वाटेतल्या खापराकडे वाकून पाहणारा विरळा.