टाकीच्या मागची गल्ली

2020 च्या उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या आणि आम्हा महापालिका शिक्षकांना कोविडची ड्युटी लागली. कुणी धान्याच्या दुकानावर, कुणी सर्वेक्षणाला. मला एन वॉर्डाच्या वॉर रूममध्ये फोनवर बसवलं. एन वॉर्ड म्हणजे आपलं घाटकोपर, शिवाय विक्रोळी पार्कसाइटचा भाग.

तोवर बेड हवा असलेला प्रत्येक मुंबईकर 1916 या एकाच हेल्पलाइनवर तुटून पडत होता. सव्वा कोटीचं शहर आणि एक नंबर, लागणार कसा? मेमध्ये इक्बालसिंह चहल महापालिका आयुक्त झाले आणि जूनमध्ये बेड देण्याचं काम 24 वॉर्डांच्या वॉर रूममध्ये वाटलं गेलं. लॅबचे अहवाल आधी महापालिकेकडे यायचे, पत्त्यांवरून वॉर्डवार याद्या व्हायच्या आणि सकाळी आमच्या टेबलावर पडायच्या. मग रुग्णाने आम्हाला शोधण्याआधी आम्हीच त्याला फोन लावायचा.

ताप किती, सॅच्युरेशन किती, दम लागतो का, हे विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: घरात स्वतंत्र टॉयलेट आहे का? त्यावरच घरी राहायचं की विलगीकरण केंद्रात जायचं, ते ठरायचं. गरोडिया नगरात लोक या प्रश्नावर चिडायचे. कामराज नगरातल्या एक बाई मात्र खळखळून हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, लायनीतल्या सगळ्यांचं एकच आहे. आमचं कुठलं म्हणून सांगू?" फ्लॅटवाल्यांना अमुकच खासगी हॉस्पिटल हवं असायचं, तेही एसी खोलीसकट. खासगीतल्या 80 टक्के खाटा सरकारने ताब्यात घेतल्या होत्या, तरी एका बड्या रुग्णालयाचं उत्तर आम्हाला तोंडपाठ झालं होतं: 'बेड आत्ताच भरला.'

यादीतले पत्ते हे एक वेगळंच प्रकरण. 'रूम नं. 4, रमाबाई नगर' एवढ्यावर कुणाला शोधणार? अशा वेळी आमचा आधार म्हणजे महापालिकेच्या हेल्थ पोस्टच्या आरोग्य स्वयंसेविका. पोलिओचे डोस, टीबीच्या गोळ्या, बाळंतिणींची नोंद, यासाठी त्या वर्षानुवर्षं त्याच गल्ल्यांतून फिरत आलेल्या.

एप्रिल 2021 मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, रात्रपाळीत एका मुलाचा फोन आला. वडिलांचं सॅच्युरेशन 84. पत्ता सांगताना त्याचा आवाज फुटत होता, एवढंच कळलं: भटवाडी, टाकीच्या मागे. शेजारच्या खुर्चीवरच्या शिकाऊ डॉक्टरने फोन घेतला आणि त्यांना पालथं झोपवायला सांगितलं. मी तिथल्या स्वयंसेविका ताईंना फोन करून उठवलं. त्या म्हणाल्या, "टाक्या दोन आहेत, बाई. मुलाला विचारा, पिठाची गिरणी दिसते का?" दिसत होती. "मग गाडी वर आणू नका, वळणार नाही. खालीच थांबवा, मी मंडळाची पोरं पाठवते." पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चढावरून खाली आणलं. ऑक्सिजनचा बेड रिकाम्या खाटांच्या डॅशबोर्डवर दिसत होता, तो मिळाला. पुढे ते घरी परतले.

त्याच महिन्यात, 4 एप्रिलला, मुंबईत एका दिवसात 11 हजारांवर रुग्ण निघाले होते. ऑक्सिजन कमी पडू लागला म्हणून एका रात्रीत 168 रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले. मेमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या ऑक्सिजन व्यवस्थापनाची दखल घेतली आणि 'मुंबई मॉडेल' हा शब्द सगळीकडे झाला. कौतुक रास्तच होतं. पण त्या मॉडेलच्या चित्रात टाकी आणि गिरणी ठाऊक असलेली ती ताई मला कुठे दिसली नाही.

आणि वॉर्डाच्या हाती तरी नेमकं काय आलं? काम आलं, जबाबदारी आली. डॉक्टरांची भरती, औषधांची खरेदी, पैसा या गोष्टी मुख्यालयातच राहिल्या. महापालिकेच्या 1888 च्या कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि शहरांच्या स्थानिक संस्थांसाठी झालेल्या 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनंतरही त्यात फारसा फरक पडला नाही. केरळात 1996 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायतींकडे दिली, सोबत निधीही दिला. मुंबईत साथ आली म्हणून विकेंद्रीकरण झालं, साथ ओसरली तशी वॉर रूमही आवरली. आम्ही शाळेत परतलो. पुढे 'आपला दवाखाना' सुरू झाला, तो चांगलाच आहे. पण मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 मध्ये निवडणूक होईपर्यंत दवाखान्यात गोळ्या का नाहीत हे विचारायला वॉर्डात नगरसेवकच नव्हता. आणि त्या ताईंना मिळतं ते मानधन, पगार नाही. कायम करा, ही त्यांची मागणी जुनीच.

आता नगरसेवक आले आहेत. गटार आणि पेव्हर ब्लॉकची तक्रार घेऊन त्यांच्याकडे जाल, तेव्हा एवढं आणखी विचारा: आपल्या हेल्थ पोस्टला डॉक्टर रोज येतात का, आणि आपल्या गल्लीच्या ताईंना पगार कधी सुरू होणार?