‘छान’ म्हणायचं नाही

घरच्या माणसाला अत्तर हुंगायला दिलं की ते ‘छान आहे’ म्हणतं आणि काडी परत करतं. ह्या ‘छान’चा मला काडीचाही उपयोग नाही. मी कनौजहून अत्तरं मागवते, त्यातली काही तशीच, काही एकमेकांत मिसळून लहान कुप्यांत भरते आणि ओळखीपाळखीत विकते. कोणत्या भट्टीवाल्याचा वाळा घ्यायचा, कोणाचा गुलाब सोडून द्यायचा, मिश्रणात हिना थेंबभर जास्त झाली का, हे ठरवायला एकटीचं नाक पुरत नाही. म्हणून अधूनमधून एखाद्या रविवारी सकाळी घरच्यांना आणि दोन-चार मैत्रिणींना धरून बसवते. त्या बैठकीचा नियम असा, की ‘छान’ म्हणायचं नाही आणि ‘घाण’ही म्हणायचं नाही. काय आठवलं ते सांगायचं.

स्प्रेवर वाढलेल्या नाकाला अत्तर आधी समजावून द्यावं लागतं. स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, ते उडताना वास अंगावर आदळतो. अत्तराची घडण वेगळी. तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालतात, झाकण मातीनं लिंपून बंद करतात, खाली मंद आच ठेवतात. वाफ बांबूच्या नळीतून जाते ती पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपका नावाच्या भांड्यात, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ताजी फुलं, तेल मात्र तेच. असं आठ-पंधरा दिवस चाललं की त्या तेलात फूल मुरतं. असं मुरवलेलं अत्तर उघडल्याबरोबर सगळं सांगून टाकत नाही. पहिल्या पाच मिनिटांत स्वस्त माल हमखास जिंकतो, कारण त्याला तेवढीच पाच मिनिटं माहीत असतात. त्यामुळे आमच्याकडे निकाल एका बैठकीत लागत नाही. लावल्या लावल्या एकदा, जेवणाआधी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि चांगलं असेल तर दुसऱ्या दिवशी ओढणीला किंवा सदऱ्याच्या बाहीला काय उरलंय ते बघायचं.

चंदन आवाक्याबाहेर गेल्यापासून लिक्विड पॅराफिन किंवा थॅलेटसारखी बिनवासाची द्रवं घालून माल वाढवतात, ही गोष्ट बाजारात उघड आहे. कागदावर थेंब टाकून डाग राहतो का बघा, असं सांगणारे भेटतात. त्या परीक्षेवर माझा विश्वास नाही. चंदनाचं तेल स्वतःच इतकं सावकाश उडतं की अस्सल अत्तराचाही डाग कितीतरी वेळ हटत नाही. त्यापेक्षा ७० टक्क्यांचं अल्कोहोल बरं. चंदनाचं शुद्ध तेल त्याच्या पाचपट अशा अल्कोहोलात विरघळतं. पॅराफिन असेल तर गढूळपणा येतो, तेल वेगळं तरंगतं. थॅलेट मात्र असं सहजी सापडत नाही. तिथे मनगट आणि वेळ हेच पंच.

आता बैठकीची तयारी. पोहे नंतर, कारण एकदा मोहरी तडतडली की तासभर सगळी अत्तरं फोडणीचीच. देवापुढची उदबत्तीही त्या दिवशी उशिरा लागते, ह्यावर सासूबाईंची नाराजी असते पण त्या बसतात. पंखा बंद. कुप्यांवरची नावं झाकून तळाला नंबर चिकटवलेले. जाड कार्डशीटच्या पट्ट्या, त्यावर नंबर, टोकाला अत्तराचं बोट. पट्टीवर जे पास होईल तेवढंच अंगावर, आणि अंगावर जास्तीत जास्त तीन: दोन मनगटं आणि एक कोपराची खळगी. लावून चोळायचं नाही. ज्यांना दमा आहे किंवा त्वचा लगेच लाल होते, त्यांनी पट्टीवरच थांबायचं. नाक दमलं की दुकानात कॉफीच्या बिया पुढे करतात, ती निव्वळ शोभा. एका प्रयोगात कॉफी साध्या हवेपेक्षा काही सरस ठरली नव्हती. आमच्याकडे गॅलरीत जाऊन यायचं, नाहीतर स्वतःच्याच बाहीत नाक खुपसायचं. आपला वास नाकाला पाठ असतो, त्यामुळे ते ठिकाणावर येतं.

सगळ्यात जपायचं ते पहिल्या बोलणाऱ्याला. एकानं ‘उदबत्ती’ म्हटलं की खोलीभर उदबत्तीच. त्यातून आपल्या घरांत मोठं माणूस बोललं की धाकट्यांची नाकंसुद्धा त्यांच्या मागे जातात. म्हणून आधी प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, मग वाचायचं, आणि वाचायचं धाकट्यापासून. सासूबाई शेवटी. मान उलटा फिरवल्याबद्दल पहिल्यांदा जरा कुरबुर झाली, पण चिठ्ठ्या मात्र खऱ्या यायला लागल्या.

आणि काय काय येतं त्या चिठ्ठ्यांवर! केवड्याला माझी मुलगी ‘रसमलाई’ लिहिते. तिच्या पिढीनं केवडा खाल्लाय, माळलेला नाही. ओडिशातल्या गंजामच्या किनारपट्टीत केवड्याच्या कणसांचा मोठा व्यवहार चालतो. तिथलं केवड्याचं पाणी हलवायांकडे जातं आणि तेच तिच्या नाकात बसलेलं. त्याच पट्टीवर सासूबाई लिहितात, ‘वेणी, श्रावण, काटा टोचला’. दोघीही बरोबर. पण मला ह्यातून एक कळतं, की मुलींसाठी केवडा मिसळताना तो थोडा दाबायला हवा, नाहीतर अंगाला मिठाईच्या दुकानाचा वास येतो अशी तक्रार येणार.

मिट्टीचं अत्तर अमरावतीच्या आत्याबाईंपुढे ठेवलं, तेव्हा पाऊस त्यांना आठवलाच नाही. त्यांनी लिहिलं, ‘नवा माठ, पहिल्या दिवसाचं पाणी’. आणि ते अचूक आहे, कारण ह्या अत्तरासाठी डेगेत घालतात ती भाजलेल्या मातीचीच खापरं. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस ह्यांनी १९६४ साली ‘नेचर’मध्ये कोरड्या मातीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासाविषयी लिहिलं, त्यातही उत्तर प्रदेशातल्या ह्या अत्तराची दखल आहे. आमच्या जाऊबाई रत्नागिरीच्या. त्यांना त्या पट्टीवर ना पाऊस सापडला ना माठ. ‘कोरडं आहे हो,’ एवढंच म्हणाल्या. त्यांचा पाऊस जांभ्यावरचा, शेवाळाचा, कुजत्या पानांचा. विदर्भात खपणारं हे अत्तर कोकणात का नडतं, ते मला त्यांच्या एका वाक्यात कळलं.

आसामच्या ऊदचं तर विचारू नका. लाकूड भिजवून, आंबवून मग त्याचा अर्क काढायची तिकडे रीत आहे, त्यानं एक जनावराचा दर्प येतो. शहरातल्या मैत्रिणींनी पट्टी लांब धरली. आत्याबाईंनी मात्र ती परत मागून घेतली. ‘गोठा आहे. सकाळचा, शेण काढल्यावरचा.’ हे त्या कौतुकानं म्हणत होत्या.

नवऱ्याचं नाक मी बरेच दिवस आळशी समजत असे. कस्तुरी म्हणून विकतात त्या पट्टीवर तो दर वेळी ‘कोरा कागद’ लिहायचा. खरी कस्तुरी आता विषयच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं कस्तुरीमृगाला पूर्ण संरक्षण आहे. बाजारात आहे ते सगळं प्रयोगशाळेतलं. आणि ह्या कृत्रिम कस्तुरीगंधांपैकी काहींचा वास काही माणसांना मुळीच येत नाही, बाकी नाक अगदी तल्लख असलं तरी. तेव्हापासून कस्तुरीच्या फेरीत त्याला मी चहा करायला पाठवते. वाळ्याच्या फेरीत मात्र त्याच्याशिवाय पान हलत नाही.

पण खरी परीक्षा बघावी ती शमामाच्या पट्टीवर. शमामा म्हणजे एका फुलाचं अत्तर नव्हे. मुळं, साली, मसाले टप्प्याटप्प्यानं काढून केलेली भारी, गडद, थंडीतली चीज. सासूबाईंनी पट्टी नाकाशी न नेता आधी हवेत एकदा फिरवली, तांदूळ जुना आहे का बघताना फिरवतात तशी. मग डोळे मिटले. बराच वेळ गप्प. मग चष्मा वर सरकवून चिठ्ठीवर लिहिलं ते असं: ‘दगडफूल. जरा जास्त भाजलं. मागे नागरमोथा. उटणं.’ त्यांना शमामात काय असतं हे मी कधीही सांगितलेलं नव्हतं. कनौजवाले ज्याला चरीला म्हणतात, तो शमामाचा कणा, आणि आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल ते हेच. नागरमोथा, कापूरकाचरी, जटामांसी ही तर दिवाळीच्या उटण्यातली मंडळी. जन्मभर मसाला आणि उटणं घरी केलेल्या बाईला हा कारखानदारी अर्क वाचायला पुस्तक लागलं नाही. पुढे दुसऱ्या भट्टीचा शमामा आला तेव्हा त्यांनी पट्टी खाली ठेवली. ‘ह्यात नुसती लवंग आणि जायफळ पुढे येतंय गं. दगडफुलात हात आखडलाय.’ भट्टीवाल्याला फोन केला, आडून आडून विचारलं. त्यानं चरीला कमी घातल्याचं मान्य केलं.

ह्याच सासूबाई गुलाबाला मात्र मुळीच उपयोगाच्या नाहीत. कोणताही गुलाब दिला, की ‘लग्नाचा हॉल’. दारात गुलाबदाणी घेऊन उभं राहण्यात त्यांची उमर गेली. गुलाब म्हणजे त्यांना पाहुणे दिसतात. एक किलो गुलाबाचं तेल निघायला तीन ते पाच टन फुलं लागतात, त्या मालाचा निकाल मी हॉलवर कसा सोपवू? गुलाबासाठी माझी एक मैत्रीण आहे, जिला फुलं आवडतच नाहीत. ती निर्दयपणे सांगते, ‘हा ओला आहे, हा वाळवलेला, हा साबण.’ असं प्रत्येकाचं. कुणाचं नाक कशाला पक्कं आणि कशाला कच्चं, हे माझ्या वहीत अत्तरांच्या नोंदींपेक्षा जास्त जागा खातं. घरच्यांची मतं एकत्र करून सरासरी काढायची नसते, असं माझं ठाम मत आहे. सरासरी काढली की सगळ्यांना बरा वाटणारा, कुणालाही न आठवणारा माल निवडला जातो.

कधी कधी परीक्षकांचीही परीक्षा घेते. एकच अत्तर दोन नंबरांनी ठेवायचं. एकावर ‘उग्र’ आणि दुसऱ्यावर ‘मंद’ असं लिहिणारी चिठ्ठी त्या दिवसापुरती बाजूला. दोन भट्ट्यांच्या वाळ्यात खरंच फरक आहे की भावात तेवढा आहे, हे बघायला तीन पट्ट्या ठेवायच्या, दोन एकाच्या आणि एक दुसऱ्याची, आणि वेगळी कोणती ते ओळखायला सांगायचं. नुसत्या अंदाजानंही तीनात एकदा बरोबर येतं, त्यामुळे एका फेरीवर भाळायचं नाही. अशा फेऱ्यांत एका महागड्या वाळ्याचं पितळ उघडं पडलं. त्याचा हिरवा रंग झकास होता. तांब्याच्या डेगेतून काढलेल्या वाळ्याच्या रूहला, म्हणजे शुद्ध तेलाला, हिरवट झाक येतेही. पण आमच्यातल्या कुणालाच तो निम्म्या भावाच्या वाळ्यापासून धडपणे वेगळा काढता आला नाही. मी निम्म्या भावाचा घेतला.

हे सगळे उपद्व्याप वाटतील, पण आपल्या लोकांना ही खोड जुनी आहे. वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीला अख्खा अध्याय दिला आणि सोळा द्रव्यांतून चार-चार निवडण्याच्या १८२० रीती मोजल्या. त्या सगळ्या हुंगून कुणी बघितल्या, हे मात्र लिहिलं नाही. पुण्यात भांडारकर संस्थेत बसून प. कृ. गोडे ह्यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ हा संस्कृत ग्रंथ अभ्यासकांपुढे आणला. त्याच्या जोडीला ‘गंधवाद’ नावाचा, लेखकाचं नाव नसलेला ग्रंथ आहे आणि त्यावर चक्क मराठी टीका आहे. सुगंध कसे करावेत हे मराठीत समजावून सांगण्याची कुणाला तरी तेव्हा गरज वाटली होती. आज आपल्याकडे अत्तर उरलं ते लग्नाच्या मांडवात आणि हळदीकुंकवाला मनगटाला लावण्यापुरतं, आणि तेही बहुतेक ठिकाणी इतकं भिकार असतं की बायका घरी जाऊन हात धुतात.

तेव्हा अत्तर घ्यायला जाल त्या दिवशी स्वतः काही लावून जाऊ नका. तीनांहून जास्त कुप्या उघडायला लावू नका. मनगटावर लावून घ्या, दुकानदाराला ‘संध्याकाळी येते’ म्हणून सांगा आणि खरंच बाहेर पडा. जुने अत्तरवाले ह्याला हरकत घेत नाहीत, उलट गिऱ्हाईक कळतं म्हणून खूश होतात. घरी गेल्यावर नाव आणि किंमत न सांगता हात पुढे करा आणि काय आठवलं तेवढं विचारा. चार तासांनी कुणाला काहीतरी आठवत असेल, तर पाव तोळा घ्या. एक तोळा लगेच घेऊ नका.