गाणं संपू न देणारा माणूस

‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?’ एचआरचा हा लाडका प्रश्न ऐकला की मला फ्रँकी नकल्स आठवतो. हाउस म्युझिकचा गॉडफादर! या माणसाने जवळजवळ चाळीस वर्षं एकच काम केलं. डीजेच्या टेबलामागे उभं राहायचं आणि समोरच्यांना नाचतं ठेवायचं. ना प्रमोशन, ना डेझिग्नेशन.

मूळचा न्यूयॉर्कचा. १९७७ मध्ये शिकागोत ‘वेअरहाउस’ हा क्लब निघाला, तेव्हा तिथली ऑफर आधी गेली त्याचा दोस्त लॅरी लेव्हनकडे. लॅरी नाही म्हणाला आणि फ्रँकीने बॅग भरली. म्हणजे चक्क सेकंड चॉइस! तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो गे तरुण. आठवडाभर जपून वागायचं, शनिवारी रात्री मात्र बिनधास्त नाचायचं. ती जागा त्यांची होती.

आणि मग डिस्कोचाच बाजार उठला. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर, दोन बेसबॉल मॅचच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोट करून उडवला गेला. कंपन्यांनी हात आखडते घेतले, नवा माल आटला. आता बोला! आपली इंडस्ट्रीच बसली तर आपण काय करतो? सीव्ही अपडेट करतो.

फ्रँकीने टेप आणि ब्लेड घेतलं. जुनीच गाणी कापायची, जोडायची, ठेक्याचा तुकडा लांबवत न्यायचा. लोक रंगात आले की गाणं संपूच द्यायचं नाही. पुढे त्याखाली ड्रम मशीनचा ठोका आला. वेअरहाउसमध्ये वाजतं ते ‘हाउस’, असं नावही पडलं. हाउस म्हणजे डिस्कोने उगवलेला सूड, असं तो म्हणायचा.

मला भारी वाटतं ते हेच. त्याने फील्ड बदललं नाही, समोरच्या फ्लोअरकडे बघणंही सोडलं नाही. हातातल्या जुन्या मालातून नवं काढलं. मान नंतर आपसूक आला. १९९८ मध्ये ‘रिमिक्सर ऑफ द इयर’चं ग्रॅमी पहिल्यांदाच दिलं गेलं, ते त्यालाच. २००४ मध्ये वेअरहाउससमोरच्या रस्त्याला त्याचं नाव लागलं. मधुमेहाने गाठलं, २००८ मध्ये पाय काढावा लागला. तरी गडी पुन्हा टेबलामागे हजर! ३१ मार्च २०१४ ला तो गेला, वयाच्या ५९ व्या वर्षी. त्याच्या काही दिवस आधी लंडनच्या ‘मिनिस्ट्री ऑफ साउंड’मध्ये वाजवत होता.

२०२३ मध्ये शिकागोने वेअरहाउसच्या इमारतीला वारसावास्तूचा दर्जा दिला. त्या शहराने ज्यांच्या गाण्यांचा स्फोट बघितला, त्यांच्याच नाचाची जागा आता सरकारी संरक्षणात आहे.

आज घरी जाताना लोकलमध्ये त्याचं १९९१ चं ‘द व्हिसल साँग’ ऐकाच. त्या शिट्टीला कुठे पोचायची घाई नाही. पण पाय थांबतात का बघा!