लेबलावरचे वाङ्मय

छत्री, चष्मा, खुर्ची अशा साध्यासुध्या वस्तूंवर मराठीत पुष्कळ लघुनिबंध लिहिले गेले. लॅपटॉपच्या चार्जरला तो मान कधी मिळेल कोण जाणे! दोष त्याचाच आहे म्हणा. काळा, ओबडधोबड, सदा कॉटखाली धूळ खात पडलेला. त्याची आठवण व्हायची ती तो गेल्यावरच. माझा चार्जर गेल्या जानेवारीत गेला. पिनेजवळ मान टाकून त्याने प्राण सोडला आणि माझ्या प्रकल्पाची चाळीस पाने लॅपटॉपच्या पोटात अडकून पडली. प्रकल्प सादर करायला उरले होते नऊ दिवस, आणि पर्समध्ये उरले होते बाराशे रुपये.

कंपनीच्या दुकानात चौकशी केली. तिथे चोवीसशे रुपये सांगितले. खोलीतल्या मैत्रिणींनी सल्ला दिला, "तपकीर गल्लीत जा. साडेतीनशेला मिळतो." साडेतीनशे आणि चोवीसशे! एकाच कामाच्या दोन वस्तूंत एवढे अंतर का असावे, हा प्रश्न मला अर्थशास्त्राच्या तासालाही इतका छळला नव्हता. शेवटी मी अण्णांना फोन केला. आमचे अण्णा गावाकडे वायरमन आहेत.

"अण्णा, साडेतीनशेचा घेऊ का?"

"घे की! पण आधी जुन्याच्या पोटावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव."

आम्ही कलाशाखेची मुले. एका ओळीचे चार अर्थ काढण्यात आमची तीन वर्षे गेली. पण रोज पायात येणाऱ्या त्या डबीवर काही लिहिलेले असते हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. मी मोबाईलचा उजेड पाडून वाचू लागले. इनपुट १०० ते २४० व्होल्ट. आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर. ६५ वॅट. खाली दोन वर्तुळांचे चिमुकले चित्र.

अण्णांनी या सूत्रमय वाङ्मयावर भाष्य केले. "आउटपुटचे व्होल्ट म्हणजे दाब. तो जुळलाच पाहिजे, तिथं घासाघीस नाही. अँपिअरचं तसं नसतं. तुझ्या मेसवाल्या मावशींनी वीस भाकरी थापल्या म्हणून तू वीस खातेस का? पण तुला चार लागतात आणि त्यांनी दोनच थापल्या, तर? म्हणून अँपिअर तेवढे किंवा जास्त असावेत, कमी नकोत. त्या चित्रात मधला ठिपका धन आहे की ऋण ते बघून ठेव. आणि पिनेचं तोंड सोबत घेऊन जा."

हे तोंड प्रकरणही मोठे नाजूक निघाले. माझ्या चार्जरच्या पिनेत मधोमध सुईसारखी एक बारीक काडी आहे. ती लॅपटॉप चालवायला वीज नेत नाही. हा चार्जर किती वॅटचा, ही ओळख लॅपटॉपला करून देते. ओळख पटली नाही तर काही लॅपटॉप बॅटरी भरून घ्यायचे नाकारतात, किंवा रुसल्यासारखे संथ चालतात. माझ्या मैत्रिणीच्या नव्या लॅपटॉपला यूएसबी-सी तोंड असल्यामुळे ती या कटकटीतून सुटली आहे. तिचा चार्जर आणि लॅपटॉप व्होल्ट आपसांत बोलून ठरवतात. फक्त ६० वॅटच्या वर जायचे असेल तर केबलही ५ अँपिअरची लागते.

तपकीर गल्लीत पहिल्या दुकानदाराने साडेतीनशेचा चार्जर समोर टाकला. आकडे जुळत होते. परंतु लेबलावर 'आउटपुट'चे इंग्रजी स्पेलिंगच चुकले होते. मी शंका काढली. "अहो ताई, स्पेलिंगनं काय होतंय? चालेल की! सगळ्यांना चालतो."

तो खोटे बोलत नव्हता. तो चार्जर चाललाही असता. फरक कुठे असतो, ते अण्णांनी रात्री सांगितले. चार्जरच्या एका बाजूने घरातली २३० व्होल्टची वीज आत येते, दुसऱ्या बाजूने साडेएकोणीस व्होल्ट बाहेर पडतात. मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. या दोन बाजूंमध्ये काही मिलिमीटरचे अंतर आणि इन्सुलेशनचे थर राखावे लागतात. पैसे वाचवायचे झाले की हेच अंतर कमी होते, थर पातळ होतात, जास्त तापल्यास बंद पडण्याची सोय गाळली जाते. नीट बनवलेला चार्जर बिघडला तर सहसा मुकाट्याने बंद पडतो. तसला बिघडला तर २३० व्होल्ट थेट मांडीवरच्या लॅपटॉपपर्यंत येऊ शकतात. आम्ही तिघी मुली एका खोलीत राहतो, आणि चार्जर रात्रभर कुणा ना कुणाच्या गादीला टेकलेला असतो.

हे अंतर बाहेरून दिसत नाही. वजनावरूनही खात्री देता येत नाही. आजकालचे काही चांगले चार्जर चिमुकले नि हलके असतात. मग बघायचे काय? आपल्याकडे २०१२ च्या सरकारी आदेशानुसार अशा अडॅप्टरांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची झाली. चार्जरवर ब्यूरोच्या चिन्हाजवळ 'आयएस' अक्षरे व मानकाचा क्रमांक असतो, आणि 'आर' अक्षरापुढे आठ आकडे. छापणारा काहीही छापील. म्हणून तो क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून पाहावा. तिथे उत्पादकाचे नाव आणि वस्तूचा प्रकार दिसतो. तो हातातल्या वस्तूशी जुळला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गल्लीत गेले. दुसऱ्या दुकानात 'आर' होता, पण क्रमांक निघाला कुठल्याशा दिव्याचा! तिसऱ्या दुकानात सारे जुळले. वर्षाची हमी, पक्के बिल, किंमत ९८० रुपये. दुकानदाराने वैतागून विचारले, "ताई, सायन्सला का?" मी म्हटले, "नाही हो, मराठी घेऊन बी.ए. करतेय."

पुढे अण्णा पुण्याला आले तेव्हा त्यांनी आमच्या वाड्यातल्या खोलीचे सॉकेट टेस्ट लॅम्प लावून तपासले. लॅपटॉपच्या धातूला हात लागला की मुंग्या येत, ते मी थंडीवर ढकलत असे. सॉकेटला तिसऱ्या पिनेचे भोक होते, पण आत अर्थिंगची तारच नव्हती. अण्णांनी घरमालकीण काकूंना शांतपणे समजावले आणि दुपारभर राबून तार ओढून दिली. मुंग्या थांबल्या.

प्रकल्प त्याआधीच वेळेवर सादर झाला होता. पण त्या दुपारी अण्णांना भिंतीपाशी उकिडवे बसलेले पाहताना मला प्रथमच त्यांचे काम समजले. गेली पंचवीस वर्षे ते लोकांच्या घरांत अशा तारा बसवत आले आहेत. त्या बसवून दिवा अधिक उजळत नाही, की पंखा अधिक फिरत नाही. त्यामुळे त्यांची मजुरी द्यायची वेळ आली की लोक म्हणतात, "हिची गरज होती का?" अण्णा काही बोलत नाहीत. स्क्रू पुन्हा एकदा आवळून बघतात आणि पिशवी उचलतात.