दर्शनी दगड

घराचा हिशेब लिहायला मी मुद्दाम नवी शंभरपानी वही केली होती. कादंबरी लिहिताना मी एवढी खाडाखोड कधी केली नव्हती. पाया, विटा, लोखंड, स्लॅब असे करीत करीत अखेरच्या पानावर आलो, तेव्हा एकच कलम उरले होते : 'दर्शनी भिंतीस दगड.'

हे कलम माझ्या हौसेचे. आमचे अण्णा गवंडी होते. साताऱ्याच्या आसपास काळ्या दगडाच्या किती भिंती त्यांनी उभारल्या याची मोजदाद नाही. पण आमचे स्वतःचे घर मात्र मातीचे. रस्त्याने जाणाऱ्याने नव्या घराकडे पाहावे आणि म्हणावे, 'हे गवंड्याचे घर!' एवढीच माझी इच्छा.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण तेवढे गणित पुरेसे होते. भिंत २४ फूट रुंद, ११ फूट उंच, म्हणजे २६४ चौरस फूट. दार आणि दोन खिडक्यांचे ५६ वजा केले, राहिले २०८. तुटफुटीसाठी दहा टक्के दगड जास्त धरला, तो २२९. दगड ११० रुपये फूट, मजुरी ९०. एकूण ४३,९१० रुपये. मी खुशीत आलो. मग गवंड्याने तंबाखू मळत राहिलेले सांगायला सुरुवात केली. कोपऱ्याचे दगड निराळे, सिमेंट-वाळू निराळी, परांची निराळी. गुळगुळीत गिलाव्यावर दगड धरत नाही, म्हणून भिंतीला टाचे मारायचे, तेही निराळे. बेरीज साठ हजारांवर गेली.

शिल्लक तेवढीच होती. पण ती पश्चिमेच्या भिंतीच्या गिलाव्यासाठी राखलेली. पावसाचा सारा मारा त्या भिंतीवर, आणि तिच्याआड आईची खोली.

रात्री मी आईपाशी विषय काढला. थेट बोलण्याचे धैर्य नव्हते, म्हणून पेशव्यांना पुढे केले. "शनिवारवाडा १७३२ साली पुरा झाला. खर्च १६,११० रुपये. आणि आपण एका भिंतीला साठ हजार म्हणतो!"

आई वाती वळत होती. म्हणाली, "मग तो वाडा जळला न्हवं?"

"१८२८ साली."

"जळल्यावर काय राह्यलं?"

"तट आणि जोती," मी म्हणालो.

"दगडाचंच राह्यलं म्हण की." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आपल्या घराला दगड नव्हता असं का म्हणतोस, मास्तर? जोतं कुणी घडवलं व्हतं?"

मी गप्प झालो. ज्या घरात मी वाढलो, त्याच्या मातीच्या भिंती मला आठवत होत्या. ज्यावर बसून पाढे पाठ केले ते जोते मी कधी हिशेबात धरलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो. भिंती पावसाने केव्हाच विरघळल्या होत्या. घाणेरीच्या जाळीत जोते मात्र ओळंब्यात उभे होते. दगडांवर टाकीचे घाव स्पष्ट.

पश्चिमेचा गिलावा दसऱ्याआधी झाला. अण्णांचे दगड दाराच्या पायऱ्यांना लागले, आणि उरलेले दर्शनी भिंतीच्या बुडाशी दोन फुटांपर्यंत, जिथे पावसाचे पाणी चिखल उडवते. ते चिकटवावे लागले नाहीत. आपापल्या वजनाने जमिनीवर बसले. वहीत शेवटच्या कलमापुढे मी लिहिले : 'ट्रॅक्टरचे भाडे व मजुरी.'

रस्त्याने जाणारा अजून कोणी थांबलेला नाही. आई मात्र दुपारी उन्हाला त्या पायरीवर येऊन बसते.