छान आहे!

जगात अगदी फुकट देता येण्याजोगी एकच वस्तू आहे आणि ती म्हणजे अभिप्राय, अशी गेल्या पावसाळ्यापर्यंत माझी समजूत होती. तेहतीस वर्षे शाळेत मराठी शिकवल्यामुळे माझ्यापाशी या वस्तूचा साठाही भरपूर. लग्नातल्या जिलबीपासून शेजाऱ्यांच्या भिंतीच्या नव्या रंगापर्यंत कशावरही, कोणी न मागता, मी तो देत आलो. पण माझ्या भाचीने तो मागितला मात्र, आणि माझी पंचाईत झाली.

ही भाची नोकरीनिमित्त आमच्याकडेच राहते. एका शुक्रवारी संध्याकाळी तिने जाहीर केले, "मामी, रविवार रात्रीपर्यंत मला हाका मारू नकोस. माझा जॅम आहे."

जॅम म्हटल्यावर आमच्या सौभाग्यवतींना पावाला लावायची बरणी आठवली. तिने विचारले, "कशाचा गं?"

"खेळांचा."

मग आम्हां दोघांचा एक छोटासा वर्ग घेण्यात आला. वादक मंडळी एकत्र जमून आयत्या वेळी काही वाजवतात त्याला जॅम म्हणतात. तसेच ठरावीक मुदतीत संगणकावरचा एखादा छोटा खेळ तयार करायचा, तो गेम जॅम. २००२ साली सुरू झालेला 'लुडम डेअर' हा त्यांतला जुना आणि नावाजलेला. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'खेळ देणे' असा होतो. विषय आयत्या वेळी कळतो, आपल्या उत्स्फूर्त वक्तृत्वस्पर्धेसारखा. त्याच्या कडक प्रकारात एकट्या माणसाने अठ्ठेचाळीस तासांत प्रोग्रॅम, चित्रे, आवाज सारे काही स्वतःच करायचे. २००९ पासूनच्या 'ग्लोबल गेम जॅम'मध्ये तर देशोदेशींची मंडळी एकाच सुमारास कामाला बसतात, आणि तिथे स्पर्धाच नसते. मला सर्वांत नवल वाटले ते पुढच्या भागाचे. 'लुडम डेअर'सारख्या ठिकाणी खेळ करणारेच एकमेकांचे खेळ खेळतात, गंमत, नावीन्य, चित्रे, आवाज अशा सदरांखाली गुण देतात आणि खाली चार ओळी लिहितात. म्हणजे परीक्षार्थीच परीक्षक! आमच्या शाळेत हे झाले असते तर छपरे उडाली असती.

भाचीचा जॅम असाच अठ्ठेचाळीस तासांचा होता. रविवारी रात्री ती खोलीबाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते आणि तोंडावर, नवीन भांडे घडवून आणलेल्या तांबटाच्या तोंडावर असते तसे समाधान होते. विषय होता 'अपुरा वेळ'. तिचा खेळ असा: वाड्यातल्या नळाला पाणी आले आहे. एक आजीबाई आहेत. पाणी जायच्या आत आपण आजींना इकडून तिकडे पळवून घागर, कळशी, बादली, जमेल ते भरून घ्यायचे. बस्स, एवढेच.

मी चष्मा पुसून खेळायला बसलो. दोनदा पाणी सांडले, एकदा आजी बादलीत अडखळल्या आणि ऐन रंगात पाणी गेले. मी मागे वळून मामाच्या प्रेमाने म्हणालो, "छान आहे!"

तिचा चेहरा पडला. "छान म्हणजे काय, मामा?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. आता उत्तर द्यायचे म्हणजे विद्वत्ता दाखवणे आले. मी वहीचा कागद घेतला आणि जुन्या सवयीने लाल पेनही. अंगणाचा रंग उदास आहे. आजींचे पाय जमिनीला टेकत नाहीत. 'कळशी'तला 'शी' ऱ्हस्व काढला आहे. घागरीचा काठ वाकडा आहे. अशा चौदा चुका क्रमांक घालून मी तिच्या हाती दिल्या. तिने कागद वाचला, घडी घातली आणि लॅपटॉप मिटला.

"आजीचे पाय टेकत नाहीत हे मला पहाटे चारलाच कळलं होतं, मामा," ती हळूच म्हणाली. "पाय टेकवायचे की घागर भरायची, एवढाच वेळ उरला होता."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे दोन मित्र खेळ खेळायला आले. ही त्यांच्या मागे हाताची घडी घालून बसली. त्यांतला एक जण बिचारा नळावरच टिचक्या मारीत राहिला. आजींना कसे चालवायचे हेच त्याला उमगेना. माझ्याने राहवेना. मी म्हटले, "अगं, सांग ना त्याला!" तिने ओठांवर बोट ठेवले. तो गेल्यावर म्हणाली, "खेळाबरोबर मी प्रत्येकाच्या घरी थोडीच जाणार आहे समजावून सांगायला?" त्या दोघांना तिने तीनच प्रश्न विचारले होते. कुठे अडलास? तेव्हा काय होईल असं वाटलं होतं? पुन्हा खेळावंसं कधी वाटलं?

मग तेच प्रश्न तिने मला विचारले. या वेळी माझ्यापाशी लाल पेन नव्हते. मी आठवून आठवून सांगितले, "दुसरी घागर अर्धी झाली आणि पाणी एकदम गेलं. मला वाटलं, खेळच बिघडला. आमच्या वाड्यातला नळ कधी असा न सांगता जात नसे. आधी धार बारीक व्हायची, मग तो खोकायचा. मी त्या खोकल्याची वाट बघत होतो."

"खोकायचा?" ती ताडकन उठली. "मामा, हे तू काल का नाही सांगितलंस?"

का नाही सांगितले? खरेच, का? मला वाटते, पहिल्या दिवशी मी 'छान आहे' म्हटले ते तिच्यापासून लवकर सुटका व्हावी म्हणून, आणि चौदा चुका काढल्या त्या माझी नजर किती तीक्ष्ण आहे हे दिसावे म्हणून. दोन्ही वेळा मी माझ्याविषयीच बोलत होतो. खेळाशी माझे काय झाले, मी कुठे हसलो, कुठे गोंधळलो, एवढेच तिला हवे होते. आणि तेवढेच, माझ्याखेरीज दुसरे कोणी तिला सांगू शकत नव्हते.

स्तुतीचेही तसेच. ती म्हणाली, "पाणी गेल्यावर आजी कंबरेवर हात ठेवून नळाकडे बघते, ते आवडलं असं कोणी नेमकं सांगितलं नाही, तर उद्या दुरुस्ती करताना मी नेमकं तेच काढून टाकीन." नुसत्या 'छान'ने यातले काहीच वाचत नाही.

तिने मला मग एक दुसरा खेळ दाखवला. 'बाबा इज यू' हे त्याचे नाव. आर्वी तेइकारी या फिनलंडच्या गृहस्थाने तो प्रथम २०१७ च्या 'नॉर्डिक गेम जॅम'मध्ये केला. त्यात शब्दच ठोकळ्यांसारखे पडलेले असतात. 'भिंत', 'आहे', 'अडथळा' अशा अर्थाचे तीन शब्द एका ओळीत असले की भिंत अडवते. त्यातला एक शब्द बाजूला ढकला, की त्याच भिंतीतून खुशाल आरपार जा! व्याकरणाने भिंत पाडता येते हे तेहतीस वर्षांत मला सुचले नव्हते. पुढे दोन वर्षे वाढवून २०१९ मध्ये तो पुरा खेळ म्हणून प्रसिद्ध झाला. मी मनात म्हटले, त्या पहिल्या दिवशी माझ्यासारखा कोणी लाल पेन घेऊन शेजारी बसला असता तर त्याने काय मोजले असते? अठ्ठेचाळीस तासांचे रोप पाहताना सावली किती पडते हे विचारायचे नसते. कोंब कुठल्या बाजूला वळतो आहे, ते पाहायचे असते.

आणि इथे मला एक मुलगा आठवला. कृष्णाकाठच्या शाळेत तो माझ्या वर्गात होता. निबंधाच्या वहीत त्याने एकदा निबंधाऐवजी गोष्टच लिहिली. पुरात वाहून गेलेली म्हैस, आणि घरातल्यांनी आशा सोडल्यावर मध्यरात्री दारात येऊन हंबरणारी तीच म्हैस. मी तिच्यात वेलांट्या-उकारांच्या एकवीस चुका काढल्या आणि खाली लिहिले, 'विषय सोडून लिहू नये.' पुन्हा त्याने विषय सोडला नाही. पुन्हा गोष्टही लिहिली नाही. काही वर्षांपूर्वी कराडच्या एस.टी. स्टँडवर तो भेटला. आता त्याचे पंपांचे दुकान आहे. वाकून नमस्कार करून तो आपल्या बायकोला म्हणाला, "या सरांमुळे माझं शुद्धलेखन सुधारलं बरं का!" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

भाचीच्या नव्या आवृत्तीत नळ आता खोकतो. पहिल्यांदा तो खोकला तेव्हा आमची सौभाग्यवती स्वयंपाकघरातून घाईघाईने बाहेर आली आणि "पाणी चाललं वाटतं!" म्हणाली. भाचीला गुण किती मिळाले ते मी विचारले नाही. एवढ्या अभिप्रायाने तिचे काम झाले होते.

या दिवाळीला फराळाचा डबा आणि त्याबरोबर एक पत्र मी कराडला धाडले आहे. पत्रात लिहिले आहे: 'तुझ्या गोष्टीतली म्हैस मध्यरात्री हंबरली, तेव्हा वाचता वाचता मी दाराकडे वळून पाहिले होते. हे मी तेव्हाच वहीत लिहायला हवे होते. ती पुरातून घर शोधीत कशी आली, ते मात्र तू लिहिले नव्हतेस. मला अजून ते जाणून घ्यायचे आहे.'

उत्तर आले, तर त्यातल्या वेलांट्या मी पाहणार नाही.